अडीच मिनिटांची व्यूहरचना

आयपीएलमध्ये 'स्ट्रॅटेजिक' या शब्दाने ज्या गोष्टीचं बारसं झालंय, ती गोष्ट म्हणजे जाहिरातींची मधली सुट्टी. स्ट्रॅटेजिक टाइमआउट. एका डावात दोन, प्रत्येक अडीच मिनिटांचा. मैदानात प्रशिक्षक डायरी घेऊन धावतो, खेळाडू पाणी पितात, आणि घरी आपण इलायचीपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं बघून घेतो. 2009 साली ही टूम निघाली तेव्हा सुट्टी सलग साडेसात मिनिटांची होती. लय बिघडते अशी ओरड झाली. मग तिचे तुकडे केले. पथ्याच्या माणसाने एक अख्खा लाडू नाकारावा आणि दोन अर्धे खावेत, त्यातला प्रकार.

या अडीच मिनिटांत मैदानावर कसली व्यूहरचना ठरते, ते देव जाणे. टीव्हीवाल्यांची मात्र सगळी व्यूहरचना तिथेच आहे. गेली तीस वर्षं मी ती बघतोय, म्हणजे सोफ्यावर बसून, आणि एवढ्या अभ्यासानंतर सांगतो: भारतातल्या खेळवाहिन्यांना दोनच डाव येतात. पहिला, समोरच्यापेक्षा मोठी बोली लावणं. दुसरा, बोली परवडेनाशी झाली की समोरच्याशी लग्न लावणं. बाकी सगळं मांडवाची सजावट.

मुळापासून जाऊ. एके काळी एकच वाहिनी होती आणि तिला 'बाजार' म्हणजे मंडई एवढंच ठाऊक होतं. सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळाने दूरदर्शनला पैसे द्यावेत, असा तो रुबाब. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती आपल्याला ताप आलाय का ते बघतात. 1993 साली हिरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने हक्क परदेशी कंपनीला दिले आणि सरकारचं डोकं फिरलं. यंत्रसामग्री कस्टममध्ये अडकली, प्रकरण कोर्टात गेलं. त्या गोंधळातच ईडन गार्डन्सवर सचिनने दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा काढू दिल्या नाहीत. षटक सगळ्यांना आठवतं, खटला कुणालाच नाही. खरं तर खटला जास्त मोठा होता. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

मालमत्ता सार्वजनिक झाली आणि लगेच तिचा लिलाव सुरू झाला. आपल्याकडे सार्वजनिक म्हटलं की पुढचा शब्द लिलाव किंवा गणेशोत्सव.

त्याच सुमारास ईएसपीएन भारतात उतरली. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल गावात 1979 साली सुरू झालेली, चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी. इकडे माध्यमसम्राट मरडॉक यांचं स्टार आधीच होतं. दोघांनी हक्कांसाठी एकमेकांचे गळे धरले, हक्क महाग झाले, आणि 1996 मध्ये दोघांनी काय केलं? लग्न. ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स, बिऱ्हाड सिंगापूरला. संसार बरा झाला. हर्षा भोगले घराघरात पोहोचले, सिद्धूंच्या म्हणी पोहोचल्या (हे दोन परिणाम एकाच खात्यात मांडू नयेत). 2012 मध्ये मरडॉकनी जोडीदाराचा अर्धा वाटा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ईएसपीएन हे नाव पडद्यावरून पुसलं. 2016 साली तीच ईएसपीएन सोनीचा हात धरून परतली. सोनी ईएसपीएन. तोही संसार 2020 मध्ये आटोपला. आमच्या केबलवाल्याने तर मधल्या काळात विचारणंच सोडलं. तो फक्त नंबर सांगायचा. "एकशे बारावर बघा, कुणाची आहे ते नका विचारू."

एका बाबतीत मात्र टोपी काढतो. क्रिकेटचं भाडं झेपेना तेव्हा स्टारने एक शहाणपणा केला: भाड्याने राहण्यापेक्षा स्वतःचं घर बांधलं. कबड्डी! 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआयमध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर. बुवा साळवींनी जन्मभर ज्या खेळाला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळावी म्हणून हाडं झिजवली, जो खेळ आपण लाल मातीत, गुडघे सोलवटत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात बघितला, तो एकदम मॅटवर आला. बूट आले, निळे-गुलाबी दिवे आले, आणि चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आलं. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी करो या मरो. हा नियम बारकाईने बघा. जुन्या कबड्डीत आघाडी मिळाली की शहाणा संघ वेळ काढायचा. चढाईपटू जायचा, रेषेला हात लावून नमस्कार केल्यासारखा परत यायचा. मैदानावरच्या दर्दी माणसाला त्यातही मजा येई. रिमोट हातात असलेल्या माणसाला येत नाही, तो सरळ मालिकेकडे पळतो. म्हणून त्याच्यासाठी दर तिसऱ्या कोऱ्या चढाईला जीव पणाला लावायची सोय केली. खेळाचं टीव्हीसाठी शिवणकाम कसं करावं याचा हा धडा आहे, आणि शिवण फारशी दिसत नाही. वर आणखी चतुराई म्हणजे लीग चालवणाऱ्या कंपनीतला मोठा वाटाही स्टारने घेतला. म्हणजे लिलाव नको, मंडळाच्या दारात उभं राहणं नको. मालकही आपण, भाडेकरूही आपण.

पण घर बांधलं तरी माणसाचा जीव भाड्याच्या बंगल्यातच अडकतो. बंगला म्हणजे अर्थात आयपीएल.

4 सप्टेंबर 2017, मुंबई. पाच वर्षांच्या आयपीएल हक्कांच्या पेट्या उघडल्या. भारतातल्या टीव्हीसाठी सर्वात मोठी बोली सोनीची, 11,050 कोटी. भारतातल्या डिजिटलसाठी फेसबुकची, 3,900 कोटी. परदेशातल्या हक्कांसाठी आणखी कुणाकुणाच्या. एकाही पेटीत स्टार पहिला नाही! पण नियम असा होता की सगळ्या पेट्यांतल्या सर्वोच्च बोल्यांची बेरीज एकीकडे आणि सगळं मिळून एकरकमी बोली दुसरीकडे. बेरीज झाली 15,819.51 कोटी. स्टारची एकरकमी चिठ्ठी निघाली 16,347.5 कोटींची. एकाही विषयात पहिला न येता वर्गात पहिला आलेला मुलगा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. फरक 528 कोटींचा. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या निविदेत साडेतीन हजारांचा फरक निघाला होता, तर चौकशी समिती नेमली होती.

या बोलीमागचे सेनापती उदय शंकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्टारने एवढा पैसा नुसत्या टीव्हीसाठी ओतला नव्हता, तो हॉटस्टारसाठीही होता. 2015 च्या विश्वचषकाच्या तोंडावर हे ॲप आलं तेव्हा मोबाइलवर सामना बघणं म्हणजे महिन्याचा डेटा एका पॉवरप्लेत संपवणं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. डेटा आधी फुकट, मग फुकटासारखा. लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, आणि एका तेराव्यालाही मी स्वतः बघितलंय, लोक हातातल्या पडद्याकडे मान घालून बसू लागले. 2019 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, धोनी धावबाद झाला त्या सामन्यात, हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींवर माणसं होती. हॉटस्टार वाढलं ते बऱ्याच अंशी जिओच्या स्वस्त डेटावर. शेजाऱ्याच्या नळाचं पाणी घेऊन बाग फुलवावी, आणि एक दिवस शेजाऱ्याने कुंपणावरून म्हणावं, "बाग छान आहे हो."

तो दिवस जून 2022 मध्ये उजाडला. या वेळी मंडळाने टीव्ही आणि डिजिटलचे हक्क वेगळे विकले आणि एकरकमी चिठ्ठीची सोयच ठेवली नाही. एकदा फसलेला शिंपी दुसऱ्यांदा स्वतः माप घेतो. पाच वर्षांचा टीव्ही डिस्ने-स्टारला (स्टार एव्हाना डिस्नेच्या घरात गेलं होतं), 23,575 कोटी. डिजिटल वायकॉम18 ला, म्हणजे जिओवाल्या रिलायन्सच्या घरात, 20,500 कोटी. एकूण हिशेब 48,390 कोटी, मागच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट. दर सामन्याला टीव्हीचे साडेसत्तावन्न कोटी, मोबाइलचे पन्नास. दोन्ही डावांचे मिळून 240 चेंडू धरले तर एका चेंडूला सुमारे 45 लाख. आता गोलंदाजाने वाइड टाकला की माझ्या पोटात गोळा येतो. 45 लाखांचा माल, आणि पुन्हा टाकायचा, तोही फुकट. षटक संपायच्या आत जाहिरात का घुसते, बाद झालेला फलंदाज तंबूत पोहोचायच्या आत कर्जाचा हप्ता का सुरू होतो, याचं उत्तर या भागाकारात आहे.

आणि वायकॉम18 च्या तंबूत कोण बसलं होतं? उदय शंकर. स्टारमधून बाहेर पडून त्यांनी मरडॉक यांचे चिरंजीव जेम्स यांच्याबरोबर नवी कंपनी काढली होती आणि तिने वायकॉम18 मध्ये पैसा घालायचं ठरवलं होतं. म्हणजे ज्याने हा किल्ला बांधला, त्यालाच चोरदरवाजा माहीत.

मग 2023 चा उन्हाळा. वायकॉम18 च्या जिओसिनेमा ॲपने आयपीएल फुकट सोडलं.

फुकट! मराठी माणसाला या शब्दाचा तिटकारा असतो अशी एक समजूत आहे. ती मराठी माणसानेच पसरवलेली आहे. हॉटस्टारने काही वर्षं आपल्याला शिकवलं होतं की बाबांनो, चांगल्या गोष्टीचे पैसे द्यावे लागतात. आपणही शिकत होतो. शाळेतल्या दहा मित्रांत मिळून एक पासवर्ड, इथपर्यंत प्रगती होती. आणि कुणीतरी भर चौकात पंगत मांडली. ऑक्टोबर 2022 च्या सुरुवातीला डिस्ने प्लस हॉटस्टारचे 6 कोटी 13 लाख सदस्य होते. वर्षभरात उरले 3 कोटी 76 लाख. शेवटी आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखवायची पाळी हॉटस्टारवरच आली. नोव्हेंबरात अहमदाबादच्या अंतिम सामन्याला एका वेळी 5 कोटी 90 लाख माणसं तिथे जमली आणि सामूहिकरीत्या रडली. तिकीट न काढता.

जिओसिनेमाच्या त्या पंगतीचा एक पदार्थ मात्र मनापासून आवडला: बारा भाषांतलं समालोचन, त्यात मराठी आणि भोजपुरीसुद्धा. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून चेंडू दाखवले, त्याला अर्धशतक उलटून गेलं. मधे आपण 'गुड लेंथ'चं मराठी शोधत बसलो आणि बाजाराला ते एका हंगामात सापडलं. बाजाराला भाषेचं प्रेम नसतं, भाषेतल्या साबणाचं असतं, हे मान्य. तरी 'कडक रे भावा' ऐकून कान सुखावले. याच मराठी समालोचनाच्या खुर्चीत केदार जाधव बसत होता. मे 2023 च्या आसपास बंगळुरूचा खेळाडू जायबंदी झाला आणि प्रशिक्षक संजय बांगर यांचा फोन आला: येतोस का खेळायला? बीडच्या माणसाने पुण्याच्या माणसाला समालोचन सोडून बंगळुरूकडून खेळायला बोलावलं. वाहिनीने प्रेक्षकांशी नातं जोडावं असं सगळे सल्लागार सांगतात; समालोचकच उचलून मैदानात नेतील असं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या चिरंजीवांनी तेव्हापासून समालोचनाचा सराव सुरू केला, संघात जायचा हा जवळचा रस्ता म्हणून.

इकडे पैशांचं काय? फुकट देणारा रक्तबंबाळ, विकणारा रक्तबंबाळ. डिस्नेने आयसीसीच्या 2024 ते 2027 च्या हक्कांसाठी सुमारे तीन अब्ज डॉलर मोजले आणि त्यातला टीव्हीचा भाग झीच्या गळ्यात बांधायचं ठरवलं. झीचं सोनीशी लग्न ठरलं होतं, ते सव्वादोन वर्षांच्या साखरपुड्यानंतर 22 जानेवारी 2024 रोजी मोडलं. त्याच महिन्यात झीचा हा क्रिकेटचा सौदाही फिसकटला. एकाच महिन्यात वरातही परत आणि बँडवालाही.

मग डाव क्रमांक दोन. फेब्रुवारी 2024 मध्ये डिस्ने आणि रिलायन्सचा साखरपुडा, 14 नोव्हेंबरला लग्न. घराची किंमत 70,352 कोटी. अध्यक्षपदी नीता अंबानी, उपाध्यक्ष उदय शंकर. (सांगितलं होतं ना, लागेल.) वधूपक्षाकडूनही तेच, वरपक्षाकडूनही तेच, अक्षताही दोन्हीकडून त्यांनीच टाकल्या असाव्यात. वायकॉम18 ची खेळवाहिनी स्पोर्ट्स18 मार्च 2025 मध्ये स्टार स्पोर्ट्समध्ये विरघळली. 1996 चं तेच नाटक, फक्त नेपथ्य सिंगापूरचं जाऊन मुंबईचं आलं.

दोघांच्या सामाईक ॲपचं नाव काय ठेवणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एका तरुणाने ते खरोखरच आधी ओळखून इंटरनेटवरचा पत्ता विकत घेऊन ठेवला होता, आणि बदल्यात परदेशी शिक्षणाची फी मागितली. हजारो कोटींच्या व्यूहरचनाकारांपेक्षा एक पोरगा एक पाऊल पुढे! या सगळ्या कहाणीत बाजाराचा खरा अंदाज त्यालाच आला असं माझं मत आहे. 14 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तावर, जिओहॉटस्टारचं नामकरण झालं.

आणि आयपीएल? 2025 मध्ये ते फुकटच होतं, फक्त 299 रुपयांच्या रिचार्जवर. पाटी 'प्रवेश विनामूल्य', आत चप्पल ठेवायचे दहा रुपये.

जाहिरातींचं गणितही डगमगलं. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि सकाळ-संध्याकाळ 'संघ बनवा' म्हणून आपल्या मागे लागणारे सगळे एका रात्रीत गप्प झाले. भारतीय संघाच्या छातीवरचं त्यांच्यातल्याच एकाचं नावही उतरलं. ज्यांनी या खेळापायी पगार उडवले त्यांच्या बायकांनी देवापुढे साखर ठेवली असेल. वाहिन्यांच्या जाहिरात विभागात मात्र सुतक. पण इलायची आहे अजून. इलायचीला मरण नाही.

आता चित्र असं आहे: आयपीएल 2027 पर्यंत, आयसीसीच्या स्पर्धा 2027 पर्यंत आणि भारताचे घरचे सामने 2028 पर्यंत, सगळं एकाच घरात. सोनीच्या वाट्याला आशिया चषक आणि परदेश दौऱ्यांतले काही तुकडे. लवकरच आयपीएलचा पुढचा लिलाव येईल. मंडळ हातोडा घेऊन उभं राहील. मागच्या वेळी हातोडा उचलला की दोन हात वर जायचे आणि किंमत तिप्पट व्हायची. ते दोन्ही हात आता एकाच सदऱ्याच्या बाह्यांत आहेत. मंडळाला तीस वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाची वाट बघावी लागेल की काय, या कल्पनेने मला जरा बरं वाटतं. कोत्या मनाचा आहे मी.

तसं घरी काहीच बदललेलं नाही. परवा सामना शेवटच्या षटकात होता. आमच्या घरी मोठ्या पडद्यावर ॲप, इंटरनेट जोरात, चित्र इतकं स्वच्छ की पंचाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं. शेजारच्या काकांकडे जुनी केबल आणि त्याहून जुना टीव्ही. आमचा गोलंदाज अजून रनअपच्या खुणेकडे चालत निघाला होता, एवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "गेला रे गेला!" चेंडू आमच्यापर्यंत यायला अजून अर्धं मिनिट होतं, आणि मधे एक जाहिरात.

कोण गेला ते विचारायला मी बाल्कनीत गेलो.